सतरा तारखेचं धरण

“बाबा, सतरा तारीख एकदम स्वच्छ आहे,” मुलगा म्हणाला, आणि त्याच वेळी चहावरची साय मास्तरांच्या वरच्या ओठाला चिकटली. थंड, सुरकुतलेली, कुणाच्या तरी अंगावरून सोलून काढल्यासारखी. समोर सून बसलेली. तिच्यापुढे थुंकता येईना, आणि गिळायचं तर घशानं आधीच दार लावून घेतलेलं. त्यांनी हाताच्या पाठीनं ओठ पुसला, मग हात विजारीला पुसला, आणि तो ओला डाग पुढचा सगळा वेळ त्यांना मांडीवर जाणवत राहिला, गोगलगाय फिरून गेल्यासारखा. स्वच्छ. प्रवासात वाटेवरचा संडास बघून यावा आणि मागच्यांना सांगावं, जा, बरा आहे, तसा मुलानं तो शब्द वापरला होता. टेबलावर इस्पितळाचं गुळगुळीत पत्रक पडलं होतं. त्यावर एक बिनदाताचं बाळ इतकं हसत होतं की त्याला कुणीतरी चिमटे काढून हसवलं असावं, आणि खाली छापलं होतं, ‘तुमच्या बाळाचा दिवस, तुमच्या पसंतीचा.’ सुनेच्या पोटात बाळ आडवं होतं. ते आता काही वळत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि चौदा ते सतरा यांतली कुठलीही तारीख घ्या म्हणून मोकळं सोडलं होतं. तेव्हा ही दोघं रविवारी सकाळी उठून तारखांच्या माणसाकडे तारीख विचारायला आली होती.

तारखांचा माणूस म्हणजे मास्तरच. शाळेत ते इतिहास शिकवायचे, पण गावभर ओळख होती ती फाटकाशेजारच्या फळ्यामुळे. रस्त्याकडे तोंड करून भिंतीत बसवलेला काळा फळा, वर कायमची रंगवलेली अक्षरं, ‘आजच्या दिवशी’, आणि खाली रोज सकाळी मास्तरांच्या हातच्या तीन ओळी. या तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं त्याच्या. एक गोड, एक कडू, एक गमतीची, असा त्यांचा नेम. नुसतं कडू दिलं तर पोरं तोंड फिरवतात, नुसतं गोड दिलं तर त्यांना जग कळत नाही, असं ते नव्या शिक्षकांना समजावून सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हाच उद्योग राहत्या इमारतीत चालू ठेवला. तळमजल्यावर टपालपेट्या आणि कचऱ्याची पिंपं यांच्या मधोमध सूचनांसाठी एक फळा होता, त्यातला अर्धा त्यांनी मागून घेतला. शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं त्यांना तारीखवाले आजोबा म्हणत आणि खडू मागत.

“चौदा का नको?” सुनेनं विचारलं.

“चौदाला कत्तल,” मुलगा म्हणाला. “मला बाबांचा फळा अजून पाठ आहे. चौदाला कत्तल, आणि त्याच दिवशी कुणीतरी बाटलीचं बूच शोधून काढलं. पंधराला जहाज.”

“निघालं का बुडालं?”

“बाबांच्या फळ्यावर जहाज निघालंय कधी? बुडालं. सोळाला एका राजाचं डोकं उडवलं, आणि कुणीतरी एक माणूस न थांबता सगळ्यात जास्त वेळ नाचला.”

“बाई गं! एकाच दिवशी?”

“वर्षं वेगळी, तारीख एक. आणि सतराला काही नाही. सतराला फळा कोराच असायचा. दरवर्षी. बाबा, आठवतं ना? अख्ख्या वर्षात तेवढी एकच तारीख होती जिला कुणी हात लावला नाही.”

“मग सतराच,” सून म्हणाली. “आम्ही शुभ-अशुभ काही मानत नाही हं बाबा. पण वाढदिवस आयुष्यभर सांगावा लागतो. माझ्या वाढदिवसाला विमान पडलंय. मला माहीतही नव्हतं. मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा तुम्ही मला पाणीसुद्धा विचारायच्या आधी ते सांगितलंत.”

मुलगा हसला. मास्तरही हसले असते, कारण ते खरंच तसं झालं होतं, पण तोंडात अजून ती चव होती. सतरा. स्वच्छ. त्यांना वाटलं, या पोराच्या हातातून ती तारीख काढून घ्यावी, लहानपणी तोंडात घातलेलं काहीबाही बोट घालून काढून घ्यायचो तशी. काढून घ्यायची तर कारण द्यायला हवं. आणि स्वयंपाकघरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता, म्हणजे बायको तिथं होती, म्हणजे तिला ऐकू जात होतं.

“सतराला धरण फुटलंय,” मास्तर म्हणाले.

“धरण?” मुलगा म्हणाला. “कुठलं?”

“होतं एक. मातीचं. पहाटे फुटलं. लोक झोपेत होते.” एकदा तोंड उघडल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. चिखलात फुगलेली गुरं आली, छपरावर चढून बसलेली माणसं आली, झाडाला अडकलेला पाळणा आला. पाळणा का आला? त्यांना आपल्या जिभेची किळस आली. जन्मभर पोरांना शिकवलं होतं की दोन ठिकाणी सापडल्याशिवाय कुठलीही गोष्ट फळ्यावर चढवायची नाही, आणि इथं एका दमात गावंच्या गावं बुडवून मोकळे झाले होते. हे बुडणं इतकं सोपं गेलं की इतर तारखांवरची बुडणंही कुणीतरी अशीच चहा पिता पिता रचली असतील, असा संशय मनात येऊन गेला.

मुलगा मोबाइलवर अंगठा फिरवत होता. काचेवर तेलकट ठसे उमटत होते. “सापडत नाही बाबा.”

“सगळंच तुझ्या डबीत सापडतं असं नाही.”

“मग फळ्यावर का नव्हतं?”

“लहान मुलं वाचायची तो फळा.”

“आणि राजाचं मुंडकं चालायचं?” मुलानं डोळे बारीक केले, पण बापाला तारखेबाबत खोटं ठरवायचं हे त्याच्या डोक्यात शिरेना. मास्तरांनी ते पाहिलं. त्याचा हा विश्वासच त्यांना आता असह्य झाला. “बरं,” तो म्हणाला, “मग सोळा. राजा तर राजा.”

“मी नाचणारा माणूस सांगीन,” सून म्हणाली आणि टेबलाला धरून उठली. तेवढ्यात मास्तरांच्या लक्षात आलं, की भांड्यांचा आवाज बंद झाला आहे. तो धरणापाशीच बंद झाला होता.

ती दोघं गेल्यावर मास्तर गॅलरीत जाऊन बसले. खाली पिंपांमधला कचरा उपसून नेणारी गाडी उभी होती आणि तिचा आंबट वास जिन्याजिन्यानं वर चढत होता. एरवी ते उठून दार लावत. आज बसून राहिले. वास घ्यावासा वाटला, पुरता घ्यावासा वाटला, म्हणजे जे आतून येत होतं ते या वासामुळे येतंय असं म्हणता आलं असतं. तारखा. किती प्रेमानं जमवल्या होत्या. ग्रंथालयात बसून, जुन्या जाडजूड खंडांची कोपऱ्यात कसर लागलेली पानं उलटून, बोटाला थुंकी लावून लावून. शेकडो माणसं कुठल्या तरी चौकात मारली गेली, ती आपण एका ओळीत बसवली, आणि ओळ नेमकी फळ्याच्या कडेपर्यंत पोहोचली म्हणून खूश झालो. खाली बाटलीचं बूच. पोरं मोठ्यानं वाचायची, कत्तल आणि बूच, एकाच आवाजात, आणि मी मागं उभा राहून म्हणायचो, शाब्बास. ताटात सगळ्यांचं उष्टं एकत्र कालवावं आणि त्यावर साखर पेरून मुलांना भरवावं, असं काहीतरी आपण इतकी वर्षं करत आलो, असं त्यांना वाटलं. शिक्षक-खोलीत त्यांच्या तीन ओळींचं कौतुक व्हायचं. एकदा मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, “मास्तर, त्या सतरा तारखेला जगात काहीच घडलं नाही का हो?” आणि गणिताचे सर म्हणाले होते, “त्या दिवशी जग रजेवर असतं, मास्तरांसारखं.” सगळे हसले. मास्तरही हसले. कारण त्या दिवशी ते खरोखरच रजेवर असत.

घरी मात्र त्यांनी रजा कधी सांगितली नाही. सतराला सकाळी नेहमीसारखे कपडे करायचे, डबा घ्यायचा, सायकल काढायची, आणि शाळेच्या उलट्या दिशेला जायचं. गावाबाहेरच्या तळ्याकाठी बाकं होती. लोक बदकांना पाव टाकत, बदकं तो खात नसत, आणि काठाला पावाचा पांढरा लगदा साचून राही. त्यावर बुळबुळीत थर धरलेला असे. मास्तर त्या लगद्याकडे बघत संध्याकाळपर्यंत बसत. डबा उघडला की उमासे येत, म्हणून तो तिथंच ओतून टाकत आणि रिकामा डबा घरी नेत. बायको डबा घासायला टाकताना काही विचारत नसे. शाळेचा शिपाई नियमानं रोज संध्याकाळी फळा पुसून ठेवी, आणि मास्तरांच्या फळ्याला दुसऱ्या कुणी खडू लावायचा नाही असा अलिखित कायदा होता, म्हणून सतराला फळा कोरा. ते कोरेपण त्यांनी ठरवून ठेवलं नव्हतं. पण पुढं पुढं त्यांना वाटू लागलं, की हेच योग्य आहे. एवढ्या सगळ्या घाणीत एक चौकोन तरी पुसलेला असावा. तिला दुसरं काय देणार होतो आपण?

तिला म्हणजे पहिल्या मुलीला. मुलाच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. पहाटे झाली आणि त्याच दुपारी गेली. इस्पितळाच्या भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या रंगवलेल्या होत्या आणि फरशीवर फिनेलाचं पाणी इतकं ओतलेलं की चपला चिकटत. तिच्यात जन्मत:च काहीतरी कमी होतं, छातीत, म्हणजे कुणाच्या हातात काही नव्हतं, असं नंतर डॉक्टरांनी समजावलं. नर्स वही घेऊन आली होती. “नाव?” “अजून ठेवलं नाही.” “मग ‘बाळ’ लिहिते,” असं म्हणून तिनं चिकटपट्टीच्या तुकड्यावर आईचं नाव आणि पुढं बाळ असं लिहून तो तुकडा त्या मनगटाला गुंडाळला. मनगट कसलं, मास्तरांच्या करंगळीएवढं. मास्तरांनी तिला दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिनं जांभई दिली. सबंध तोंड उघडून, दमून भागून आल्यासारखी. मग नर्स म्हणाली, “तुम्ही सकाळपासून उभे आहात, खाली जाऊन चहा घेऊन या.” खाली उपाहारगृहात माशा होत्या आणि कपाटावर रेडिओ होता. चहा आला, त्यावर साय धरायला लागली. आणि रेडिओवर एक गोड, घोटलेला आवाज म्हणाला, आजच्या दिवशी. एका नदीवरचा पहिला पूल याच तारखेला खुला झाला. एका गायकाचा जन्म झाला. दोन देशांनी तह केला. मास्तरांनी कान टवकारले. पूल त्यांना माहीत नव्हता. चांगला आहे, उद्या फळ्यावर चालेल असं मनात आलं, नाही, उद्या नाही, तारीख आजची आहे, म्हणजे पुढल्या वर्षी, आणि त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. पेन्सिल बोटांत असतानाच आया दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “वर बोलावलंय.”

त्या तीन ओळी त्यांना अजून पाठ होत्या. पूल, गायक, तह. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवल्या असत्या. मुलीचा चेहरा पाठ नव्हता. जांभई तेवढी होती, चेहऱ्याशिवायची. सगळ्यात जास्त शिसारी त्यांना याचीच यायची. त्या क्षणी आपण दु:खात नव्हतो, भीतीत नव्हतो; आपल्याला रस वाटत होता. पुलात.

“धरण?” मागं बायको उभी होती. तिचे हात अजून ओले होते आणि बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या. “कुठलं धरण हो मास्तर? नकाशात दाखवा की जरा.”

ती चिडली की मास्तर म्हणायची. एरवी नुसतं अहो.

“मग काय सांगायचं होतं त्यांना?”

“काय घडलं ते. जन्मभर लोकांच्या पोरांना तेच सांगत आलात ना?”

“तू आत होतीस. तुला त्रास झाला असता.”

“माझं नाव पुढं करू नका.” ती खुर्ची ओढून बसली. मग कचऱ्याच्या गाडीकडे बघत म्हणाली, “इतकी वर्षं तिला कोरं ठेवलंत. आज धरण केलंत.”

खाली गाडीनं पिंप उचललं, उलटं केलं, आपटलं. सगळं एकदम घरंगळत गेल्याचा आवाज आला.

“मी बघायला यायची,” बायको म्हणाली.

“काय?”

“फळा. दरवर्षी सतराला. तुम्ही गेलात की पिशवी घ्यायची आणि शाळेवरून जायचं. वाटायचं, या वर्षी लिहिलं असेल. पलीकडच्या फुटपाथवरून बघायची. कोरा. मग तशीच परत.”

“मी शाळेत नसायचो त्या दिवशी.”

“माहीत होतं. सायकल नसायची ना उभी.”

“मग कधी विचारलं का नाहीस?”

“तुम्ही तरी कधी विचारलंत, ही दर वर्षी त्याच दिवशी भाजीला जाते आणि रिकामी पिशवी घेऊन का येते म्हणून?” ती हसली, पण ते हसणं बघवेना. “मला वाटायचं, यांना लाज वाटते. कुणाकुणाचं लिहितात. मुंडकं उडवलेला राजा लिहितात, नाचणारा येडा लिहितात, बूच लिहितात. आणि आपल्या पोरीला एक ओळ नाही.”

“लाज नव्हती गं.” मास्तरांचा आवाज फुटला. “त्या सगळ्या घाणीत कुठं बसवणार होतो तिला? वर कत्तल, खाली बूच, आणि मधे ती? पोरं वाचणार, हसणार, वर्गात पळणार. संध्याकाळी शिपाई ओल्या फडक्यानं पुसणार. तो फडका बघितला आहेस तू? कुजल्यासारखा वास यायचा त्याला.”

“बसली असती,” बायको म्हणाली. “सगळ्यांबरोबर बसली असती. जगात आली होती ना? मग जगाबाहेर का ठेवलंत?”

ती उठली आणि आत गेली. जाताना म्हणाली, “मी कुणाला काही सांगणार नाही. ते तुमचं काम आहे. तारखा तुमच्याकडे आहेत.” आणि परत भांड्यांचा आवाज सुरू झाला, घासून झालेलीच भांडी ती पुन्हा घासत असल्यासारखा.

मास्तरांनी फोन उचलून मुलाला लावला. त्यावर स्वत:च्या बोटांचे ठसे होते, तेही तेलकटच. मुलाच्या आवाजामागं रस्त्याचा गलका होता. “बोला बाबा. काय विसरलं का आमचं?”

“धरण नव्हतं,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“सतराचं. मी रचलं ते.”

“बाबा, तुम्ही तारीख रचलीत?” मुलाला हसू आलं, मग ते मधेच थांबलं. “का?”

वर्गात एखादं पोर उभं राहायचं, उत्तर येत असायचं, पण पहिला शब्द सापडायचा नाही. अशा वेळी मास्तर कधी ओरडले नव्हते. थांबायचे. म्हणायचे, सावकाश, मला घाई नाही. आता त्यांना तसं म्हणणारं कुणी नव्हतं. “तुझ्या आधी एक मुलगी झाली होती आम्हाला,” ते म्हणाले. “सतराला. पहाटे. दुपारपर्यंत होती.” एवढं बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की वाक्य नेमकं एका ओळीचं झालं आहे, आणि त्यांना स्वत:चीच घृणा आली.

मग मुलगा म्हणाला, “म्हणजे मी पहिला नाही?”

“नाही. तू दुसरा.”

“आईला…”

“आईला सगळं माहीत आहे. मलाच नव्हतं काय काय.”

“तिच्याशी बोलतो मी,” मुलगा म्हणाला. म्हणजे सुनेशी. संध्याकाळी सुनेचाच फोन आला. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाली, “बाबा, आम्ही सोळाच घेतोय. सतराला झालं तर दोघांचे वाढदिवस एकाच दिवशी येतील, आणि मग थोरलीला कोण विचारणार?” मास्तर हो म्हणाले. थोरली हा शब्द या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. त्यांना तो शब्द एकदम मोठा वाटला, हाताबाहेर गेलेला, दारातून आत येण्यासाठी वाकावं लागेल असा.

सोळाला, राजाच्या आणि नाचणाऱ्याच्या दिवशी, नातू झाला. मास्तरांनी त्याला काचेपलीकडून पाहिलं. लाल, ओलसर, कपाळावर पांढरं काहीतरी माखलेलं, आणि त्याच्या मनगटाला प्लास्टिकची पट्टी होती. त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या तळाशी फिनेलाचा तोच जुना वास होता. तो काही त्यांना वेगळा काढता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या आधी खाली उतरले. फळ्याच्या चौकटीवर कबुतरांनी घाण केली होती, पिंपांच्या कडेला कुणीतरी फोडलेल्या अंड्याची टरफलं टाकली होती, आणि स्पंज ओला राहून त्याला बुरशीसारखा वास सुटला होता. ही जागा. इथं तिला आणायचं. कोरा फळा किती नीटस दिसत होता. अजूनही परत फिरता येईल, असं त्यांना वाटलं, आणि मग समोरच्या फुटपाथवर रिकामी पिशवी घेतलेली एक बाई दिसली. तिथं कुणी नव्हतं, पण दिसली. त्यांनी खडू घेतला. आधी पूल लिहिला. मग गायक लिहिला. तह वगळला आणि त्याच्या जागी लिहिलं, ‘एक मुलगी पहाटे जन्मली आणि दुपारपर्यंत होती. नाव ठेवायचं राहून गेलं.’ खडूची पूड नेहमीसारखी जिभेवर आली. ते मागं सरकून बघत होते तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी घाईघाईनं आले. “जरा सरका मास्तर,” म्हणून त्यांनी निळ्या खडूनं खालच्या अर्ध्या भागात लिहिलं, ‘आज दुपारी पाणी येणार नाही. भरून ठेवा,’ आणि वरचं न वाचताच निघून गेले. दुपारी. पाणी. मास्तरांच्या कानशिलाशी रक्त उसळलं. त्यांनी स्पंज उचलला. निळं पुसावं की पांढरं पुसावं, हे त्यांना कळेना.

“थांबा आजोबा, पुसू नका, मी वाचलं नाही अजून!” ही भोंगा. तिसऱ्या मजल्यावरची. जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची तिला सवय होती, म्हणून मास्तरांनीच तिला भोंगा नाव ठेवलं होतं. मागून बाकीची पोरं दप्तरं सांभाळत आली. त्यांच्याही मागं रस्त्यावर मुलाची गाडी थांबली. तो आईला इस्पितळात न्यायला आला होता, आणि किल्ली बोटाभोवती फिरवत आत आला आणि फळ्यासमोर उभा राहिला. किल्ली फिरायची थांबली.

भोंग्यानं पूल वाचला. गायक वाचला. मग तिसरी ओळ वाचून ती वळली. “ही कोण, आजोबा? प्रसिद्ध होती?”

“नाही.”

“मग तिनं काय केलं?”

“जांभई दिली,” मास्तर म्हणाले.

पोरं फस्सकन हसली. मास्तर त्या हसण्याचीच इतकी वर्षं वाट बघत होते, भीत भीत, आणि ते आता आलं, सगळीकडे सांडलं, अंड्याच्या टरफलांवर, टपालपेट्यांवर. त्यांनी उमासा येण्याची वाट पाहिली.

“एवढंच?” भोंगा म्हणाली.

“मी पाहिलं तेवढं एवढंच.”

“जांभई तर मी पण देते,” दुसरं एक पोर म्हणालं आणि त्यानं देऊन दाखवली. मास्तर त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले.

जिन्यावरून बायको उतरली. एका हातात नातवाच्या दुपट्यांची पिशवी. तिनं पोरांना बाजूला केलं, फळ्यासमोर उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत वाचलं, पाण्यासकट. मग पिशवी मुलाच्या हातात दिली.

“आई,” मुलगा म्हणाला.

“थांब रे.” ती पुढं झाली आणि तळहातानं तिसऱ्या ओळीचं शेवटचं वाक्य पुसून टाकलं.

“अगं…” मास्तर म्हणाले.

“चूक आहे ते,” ती म्हणाली. “राहून नव्हतं गेलं. ठेवलं होतं मी. तुम्ही चहाला गेला होतात तेव्हा.”

तिनं मास्तरांच्या बोटांतून खडू काढून घेतला. तिला फळ्यावर लिहिताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खडू फार दाबून धरला होता, तो करकरला, एकदा मोडलाही. तीन अक्षरं. उजवीकडे वर चढत गेलेली. मास्तर ती वाचायला चष्मा पुसू लागले, पण चष्मा बोटांनीच पुसत होते आणि बोटांना खडू होता, तेव्हा तो आणखीच पांढरा होत गेला. बाहेर बसनं दोनदा भोंगा वाजवला. पोरं धावली. भोंगा मात्र जागची हलली नाही. तिचं वाचायचं राहिलं होतं. तिनं तिसरी ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली, नावासकट, खणखणीत, पूल आणि गायक वाचले होते त्याच आवाजात, आणि श्वासही न घेता खाली उतरून दुपारचं पाणीही वाचून टाकलं.